दुसरा रिमोट

भुसावळात आता उन्हाळ्यात दुपारी भोंगा वाजतो. तो वाजला की रस्ते ओस. चार वाजेपर्यंत कुणी बाहेर पडायचं नाही, दुकानं उघडी ठेवायची नाहीत, असा नियमच आहे. पण जामनेर रोडच्या मागच्या गल्लीतलं एक दुकान तेवढ्या वेळातही उघडं असायचं, ते रजनी वायकोळेचं. तिला नियम मोडायची हौस होती असं नव्हे. दुकान म्हणजे तिच्या घराचीच पुढची खोली. मागच्या दोन खोल्यांत दुसरं कुणी नव्हतं, मग शटर ओढून आत जाऊन ती करणार काय? भिंतींशी गप्पा?

रजनी जुने टीव्ही गेम दुरुस्त करायची. जुने म्हणजे अगदी गेल्या शतकातले. दोन रिमोट, एक पिवळी कॅसेट आणि टीव्हीच्या मागे खुपसायची वायर, असले. फुगलेले कंडेन्सर काढायचे, नवे बसवायचे, गंजलेल्या पिना घासायच्या. शिवाय हल्लीच्या पडद्यांना जुनी वायर कळत नाही, म्हणून आत एक छोटा बोर्ड बसवून चित्र नव्या पडद्यावर यायची सोय करायची. लोको शेडच्या नोकरीत तिनं आयुष्यभर इंजिनांचे बोर्ड दुरुस्त केले होते, त्यामुळे हात बसलेला होता. निवृत्त झाल्यावर छंद म्हणून जे चाललं होतं त्याचं दुकान झालं.

लग्न तिनं केलं नव्हतं. आधी आईचं दुखणं, मग वडिलांचं, आणि ते दोघं गेल्यावर ध्यानात आलं, की आता विचारणारंही कुणी उरलेलं नाही. एकटेपणाचं तिला वाईट वाटायचं का? वाटायचं, खूप वाटायचं. कुकरमध्ये एका माणसापुरता भात लावताना तर फारच.

तसं पाहिलं तर दोन हजार सत्तेचाळीस सालात एकटं कोण नव्हतं? नवे खेळ इतके हुशार झाले होते की त्यांना दुसरा माणूस लागतच नसे. खेळ स्वतःच तुमचा मूड ओळखायचा, स्वतःच तुमच्याशी खेळायचा, आणि तुम्ही हिरमुसला आहात असं दिसलं की गुपचूप हरायचा. घरोघरी माणसं आपापल्या पडद्यापुढे जिंकत बसलेली होती.

अशात ठसा निघाला आणि रजनीच्या भंगाराला एकदम भाव आला.

ठसा म्हणजे काय ते आधी नीट समजून घेऊ, कारण पुढची सगळी भानगड त्यातच आहे. खेळ चालू असताना कोण कुठे उभा आहे, किती जीव उरलेत, शेवटच्या काही क्षणांत कुठली बटणं दाबली, हे सगळं एका आयसीत, म्हणजे बोर्डावरच्या चिपमध्ये, लिहिलं जातं. वीज गेली की पुसलं जातं. निदान सगळे तसं समजत होते. त्या आयसीत हजारो बारीक घरं असतात आणि प्रत्येक घरात ट्रान्झिस्टरांची रस्सीखेच चाललेली असते. डावी बाजू जिंकली तर शून्य, उजवी जिंकली तर एक. आता एकाच बाजूला तासन्‌तास दोरी धरून उभं केलं तर तिचे हात अवघडणारच. इथेही तेच होतं. सतत ताण सोसणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या काचेसारख्या पातळ थरात थोडे विद्युतभार अडकून बसतात आणि वर्षानुवर्षं निघत नाहीत. पुढे कधीही वीज दिली, की ते घर किंचित एका बाजूला कलतं. ठसा-यंत्र एवढंच करतं, की आयसी काढून कडाक्याच्या थंडीत गोठवतं, तिला लाखो वेळा वीज देतं आणि काढतं, आणि प्रत्येक घर कुठे किती कललं ते मोजतं.

पण नुसता कल म्हणजे काही खेळ नव्हे. पुढचं काम गणिताचं. खेळाचा प्रोग्राम तर माहीत असतोच. मग कसल्या हातांनी हा खेळ रोज खेळला असता असे कल उरतील, हे यंत्र उलटं सोडवत जातं. पहिल्या रिमोटची बटणं वेगळ्या घरांत आणि दुसऱ्याची वेगळ्या घरांत, त्यामुळे दोन्ही हात निरनिराळे निघतात. शेवटी जे मिळतं तो ठसा. तो बोलत नाही, ओळखत नाही, त्याला काही आठवत नाही. ती नुसती एका माणसाच्या अंगठ्याची सवय. यंत्राची वायर दुसऱ्या रिमोटच्या जागी खोचली, की ती सवय पडद्यावर खेळायला लागते.

आपल्याकडचे ठसे फार ठळक निघायचे, आणि त्याला कारण होतं. आपल्या सेटात खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती. मग पोरं काय करायची? खेळ थांबवून ठेवायची आणि तशीच जेवायला, शाळेला, लग्नालासुद्धा जायची. आईला लाल दिवा दिसू नये म्हणून सेटावर टॉवेल टाकायची. दिवसदिवस एकाच जागी अडकलेला तो खेळ आयसीत मुरत राहायचा.

भिरूडसर आले ते ऐन मे महिन्यात, भोंगा वाजून गेल्यावर, डोक्याला पंचा गुंडाळून. यावलच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, पासष्टीचे गृहस्थ. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला, पण हातातली पिशवी मात्र पोटाशी धरलेली.

"ओळखलंत का ताई? फार वर्षांपूर्वी हाच सेट तुमच्याकडे आणला होता. पडद्यावर नुसत्या रेघा यायच्या."

रजनीनं सेट पाहिला. एका कोपऱ्याचं प्लॅस्टिक वितळलेलं होतं. "माणसं विसरते मी, सेट नाही विसरत. एकतीस साल. बसा, आधी पाणी घ्या. असल्या उन्हात कशाला निघालात?"

"घरी सांगितलं असतं तर निघू दिलं नसतं." सर हसले. मग घसा खाकरून म्हणाले, "माझा धाकटा भाऊ, हेमंत. आठ वर्षांपूर्वी गेला. दुसरा रिमोट त्याच्या हातात असायचा. त्याचा ठसा निघेल?"

"बघू की. का नाही निघणार?"

"आणि समजा," सर जरा अडखळले, "समजा दुसऱ्या रिमोटवर कुणी खेळलंच नसेल, तर तेही कळतं का?"

असले प्रश्न लोक विचारायचेच. जीव टांगणीला लागलेला असला की माणूस काहीही विचारतो. रजनी म्हणाली, "कळतं. पण तुम्ही काळजी नका करू."

ठसा निघाला, आणि असा ठळक, की रजनीलाच नवल वाटलं. पुढच्या गुरुवारी सर आले. कॅसेट होती बंबवाल्यांची. जळती इमारत, खालून वर मजला मजला चढत जायचं, खिडकीतल्या माणसांना सोडवायचं आणि गच्चीवर पोचून घंटा वाजवायची. निळा बंबवाला पहिल्या रिमोटचा, लाल दुसऱ्याचा. यात ग्यानबाची मेख अशी, की पडदा वर सरकतो तो पुढच्याबरोबर. मागे राहिलेला आगीत जातो. म्हणजे जोडीदार चांगला असेल तर तो थांबतो.

लाल बंबवाला थांबायचा. भराभर वर जायचा, कठड्यावर उभा राहायचा आणि सरांचा निळा धडपडत येईपर्यंत हलायचा नाही. गच्चीवर पोचल्यावर तर घंटेच्या एक पाऊल अलीकडे थांबायचा. सरांनी घंटा वाजवली. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"मला वाजवू दिली हो," ते म्हणाले. "बघितलंत ना ताई?"

रजनीनं पाहिलं होतं. पण असं रडणं तिच्या दुकानात रोजचं झालं होतं, म्हणून तिनं नजर वळवली आणि चहा टाकायला आत गेली.

ठसा-यंत्र कपाटाएवढं, ते काही घरी नेता येत नाही. त्यामुळे सर दर गुरुवारी यायला लागले. येताना केळीचे वेफर आणायचे. रजनी आता गुरुवारी सकाळपासून घर आवरायची, दोन माणसांचा भात लावायची, आणि वर पुन्हा "सहज जास्त झालाय, जेवूनच जा" म्हणायची. सर जेवायचे, यावलच्या शाळेतल्या गमती सांगायचे आणि मग खेळायला बसायचे. खेळताना पडद्याशी बोलायचे, "थांब रे, आलो. अरे, आलो ना!" रजनी पाठीमागच्या टेबलावर सोल्डरिंग करत ते ऐकायची. आपल्या घरात कुणीतरी कुणाला तरी हाक मारतंय, यानं तिला बरं वाटायचं. बुधवारी झोप यायची नाही इतकं बरं वाटायचं, आणि त्याची तिला लाजही वाटायची.

एका गुरुवारी सोल्डर संपलं. हाताला काम नाही म्हणून ती खुर्ची ओढून सरांच्या मागे बसली आणि पहिल्यांदाच खेळ नीट बघायला लागली. लाल बंबवाला लोंबत्या शिडीपाशी आला. पटकन दोनदा खाली बसला, उठला आणि मग उडी मारली. पुढच्या शिडीलाही तेच. त्याच्या पुढच्यालाही.

रजनीनं खुर्ची आणखी पुढे ओढली.

दोनदा बसायचं म्हणजे आगीला नमस्कार. नमस्कार केला की आग लागत नाही. हा नियम रजनीनं काढला होता, वयाच्या बाराव्या वर्षी, रेल्वे क्वार्टरमधल्या त्यांच्या घरात. पहिला रिमोट आतेभावाचा, संजूदादाचा. रजनी मुलगी आणि वर धाकटी, म्हणजे तिच्या वाट्याला कायम दुसरा. घंटा आधी वाजवली की दादा चिडायचा आणि दोन दिवस खेळायला घ्यायचा नाही, म्हणून ती एक पाऊल अलीकडे उभी राहायची.

आणि मग एकदम तिला एकतीस सालातली ती दुरुस्ती आठवली. या सेटातली आयसी जळली होती. तसली आयसी तेव्हा कुठेच मिळेना. दुरुस्तीच्या धंद्यात अशा वेळी एका सेटाचे अवयव दुसऱ्याला लावतात, त्यात काही वावगं नाही. रजनीनं कपाटावरचा स्वतःचा लहानपणचा सेट खाली काढला, त्यातली आयसी उपसली आणि भिरूडांच्या सेटात बसवून टाकली. संजूदादा कधीचाच कॅनडात गेला होता. आता आपल्याशी खेळायला कोण येणार, असं तिला तेव्हा वाटल्याचंही आठवलं.

म्हणजे इतके गुरुवार हे गृहस्थ ज्याला हेमंत म्हणून हाका मारत होते, ती रजनी होती. दोन वेण्या घातलेली, सातवीतली.

तिला आधी हसूच आलं. मग त्या हसण्याची शरम वाटली. सांगायला तर हवं. पण सांगितलं की सरांचा भाऊ दुसऱ्यांदा जाणार, आणि मग ते इथे कशाला येतील? त्यांना इथे यायला दुसरं कारण काय होतं? तिचा भात? न सांगावं तर एका भल्या माणसाला आपण फसवतोय. सर गेल्यावर रात्री तिनं ताट वाढून घेतलं. जेवण गेलं नाही.

असे दोन-तीन गुरुवार गेले. तिची नुसती घालमेल चालली होती. मग तिला वाटलं, खरी आयसी सापडली तर? सरांच्या हातात खरा हेमंत ठेवला तर आपली चूकही निस्तरेल आणि गुरुवारही राहील. दुरुस्ती करणारी माणसं काढलेला भाग कधी फेकत नाहीत. जळलेला का असेना, डब्यात पडून राहतो. रजनीनं पलंगाखालचे बिस्किटांचे डबे उपडे केले. तिसऱ्या डब्यात ती सापडली, वर चिकटपट्टीवर तिच्याच अक्षरात 'भिरूड, यावल'. एक पाय जळालेला होता. त्यामुळे प्रत्येक रिमोटचं एखादं बटण कळलं नसतं, बाकी सगळं वाचता आलं असतं. तिनं देवाचं नाव घेतलं आणि आयसी यंत्रात ठेवली.

पहिला रिमोट लखलखीत निघाला. घाईचा, हट्टी हात, मागे न बघणारा. दुसरा रिमोट कोरा होता. पुसट नव्हे, कोराच. घरं जशी कारखान्यातून आली तशीच होती, कुठल्याच बाजूला कललेली नव्हती. यंत्राचं काही चुकलं असेल म्हणून तिनं पुन्हा वाचून बघितलं. पुन्हा तेच आलं. त्या रिमोटचं एकही बटण त्या सेटापर्यंत कधी पोचलंच नव्हतं.

आता मात्र गप्प बसणं शक्य नव्हतं. गुरुवारी जेवणं झाल्यावर, सर रिमोट हातात घेणार तेवढ्यात ती म्हणाली, "सर, थांबा. आधी एक सांगायचंय. हा ठसा हेमंतभाऊंचा नाही."

तिनं सगळं सांगितलं, जळलेल्या आयसीचं, दुसऱ्या सेटातून काढून लावलेल्या आयसीचं. कुणाचा सेट ते तेवढं सांगितलं नाही. सर ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग दिसला नाही, आश्चर्यही दिसलं नाही.

"हे मला दुसऱ्या गुरुवारीच कळलं होतं, ताई," ते म्हणाले. "इतकं छान खेळणारा हेमंत असूच शकत नाही."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

सरांनी रिमोट बाजूला सारला. त्यांनी विचारलं, "जुनी आयसी सापडली म्हणालात. वाचलीत?"

"वाचली."

"दुसरा रिमोट?"

रजनीनं ताटं उचलायला घेतली. सरच म्हणाले, "कोरा निघाला ना? एकदाही नाही?"

"एकदाही नाही, सर."

सर खुर्चीत मागे टेकले. "मला वाटलं होतं, एखाद्या दिवशी तरी जोडला असेन. आठवत नव्हतं, पण वाटायचं. म्हणून तर आलो होतो." मग ते सांगायला लागले. "तो लहान होता हो. मध्ये मध्ये करायचा, मरायचा, आणि त्याच्या पायी माझा खेळ जायचा. मग मी त्याच्या रिमोटची वायर काढून गादीखाली सरकवून द्यायचो आणि रिमोट हातात द्यायचो. घे, खेळ. सगळेच थोरले भाऊ करायचे, मीच केलं असं नाही. एकट्यानं खेळलं की खाली एक पाइपवाला बंबवाला आपोआप इकडेतिकडे फिरतो ना? तो तू, असं त्याला सांगितलं होतं. बिचारा जीव तोडून बटणं दाबायचा. पाइपवाला डावीकडे गेला की ओरडायचा, बघ दादा, गेलो!"

"आणि पुढे कधी सांगितलं नाहीत?"

"त्याच्या लग्नात त्यानं बायकोला माझ्यासमोर सांगितलं, माझ्या पाइपाशिवाय दादाला एक मजला चढता यायचा नाही. इतका खूश होता सांगताना. आता तिथे काय सांगू मी त्याला? नाही सांगितलं. मग ते राहूनच गेलं." सरांनी पंच्यानं डोळे पुसले.

रजनीनं त्यांच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. "पण मग येत का राहिलात? हेमंतभाऊ नाहीत हे माहीत असून?"

"तो थांबतो ना माझ्यासाठी," सर सरळ म्हणाले. "घरी मुलगा आहे, सून आहे, सगळं व्यवस्थित आहे. पण जेवायला बसताना कुणी माझ्यासाठी थांबत नाही. आपापल्या वेळेला आपापलं ताट. इथे कोण कुठला तो, मी येईपर्यंत आगीत उभा राहतो. कोण आहे हो तो? तुम्हाला ठाऊक आहे?"

हे न सांगता आलं असतं. पण तिच्या तोंडून गेलं. "ती मी आहे, सर. बारा वर्षांची. शिडीआधी दोनदा बसते ना, तो आगीला नमस्कार. तो सेट माझा होता."

सर तिच्याकडे बघतच राहिले. मग असे खदखदून हसले की रजनीही हसायला लागली. कित्येक वर्षांत त्या खोलीत दोन माणसं एकदम हसली नव्हती. "अहो, मग मागे काय बसता?" सर म्हणाले. "यंत्र काढा ते! बसा इथे!"

रजनीनं यंत्राची वायर काढली आणि खरा दुसरा रिमोट जोडला. आता काही लपवायचं उरलं नव्हतं. इथून पुढे गुरुवारी सर येणार ते आपल्याकडे येणार, असं तिला वाटलं.

खेळ सुरू झाला. अंगठा दुखायचा, तरी हात वळत होता. पहिला मजला, दुसरा, शिडी, उडी. मजा येत होती तिला. इतकी, की शेजारून सर हाक मारतायत हे तिच्या कानांपर्यंत आलंच नाही. पडदा वर सरकला आणि निळा बंबवाला आगीत गेला.

"अगंबाई! सॉरी हं सर."

"असू द्या, असू द्या."

दुसऱ्या डावात तेच झालं. तिसऱ्यात ती ठरवून थांबली, पण क्षणभरच. पाय निघालेच पुढे. गच्चीवर पोचली आणि घंटा वाजवून मोकळी झाली. तिचं तिलाच कळेना. वीस-पंचवीस वर्षं एकटीनं स्वयंपाक, एकटीनं बाजार, एकटीनं दवाखाना. कुणासाठी थांबायची वेळच आली नव्हती, आणि ती सवय हातातून कधी गेली हे समजलंही नव्हतं.

"तुम्ही थांबत नाही हो, ताई," सर म्हणाले. हसतच म्हणाले, त्यांच्या मनात काही नव्हतं. पण रजनीला ते फार लागलं.

पुढच्या गुरुवारी सर आले. दोन डाव तिच्याशी खेळले, दोन्हींत जळाले, आणि मग इकडेतिकडे बघत म्हणाले, "ते यंत्र लावता का जरा? तुम्हालाही अंगठ्याचा त्रास होतो." तिनं लावलं. लाल बंबवाल्यानं शिडीपाशी नमस्कार केला, कठड्यावर थांबला. सर पुढे सरकून बसले, त्यांचा चेहरा उजळला. रजनी मागच्या टेबलावर जाऊन बसली. त्या सातवीतल्या पोरीचा तिला असा मत्सर वाटला की स्वतःचीच लाज वाटली. पण करणार काय? ती पोर तिच्यापेक्षा चांगली सोबत करत होती, हे तिला समोर दिसत होतं.

त्यानंतरच्या गुरुवारी सर आले नाहीत. दोन माणसांचा भात तसाच राहिला. रजनीनं फोन केला नाही. काय म्हणून करायचा? बहुधा त्यांना अवघडल्यासारखं झालं असावं. ठशाशी खेळावं तर ताईंना वाईट वाटेल, ताईंशी खेळावं तर खेळात राम नाही. त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तर तेही हेच करतं. आठवडाभर तिनं रोज दुपारी एकटीनं सराव केला. निळा बंबवाला नुसता उभा करून ठेवायची आणि त्याच्यासाठी थांबायचा प्रयत्न करायची. काही उपयोग झाला नाही, हात ऐकेना.

मग बुधवारी संध्याकाळी सरांचाच फोन आला. उन्हानं जरा आडवं पाडलं होतं म्हणाले, उद्या येईन म्हणाले.

गुरुवारी सकाळी रजनीनं टीव्हीखालच्या टेबलावर नवी चादर अंथरली, चांगली जमिनीपर्यंत येणारी. यंत्राची वायर तिच्याखालून नेऊन सेटाच्या दुसऱ्या भोकात खोचली. स्वतःच्या रिमोटची वायर तशीच मोकळी चादरीखाली सोडून दिली. यंत्राचा दिवा दिसू नये म्हणून त्याच्यावर टॉवेल टाकला.

सर आले, जेवले. खेळायला बसताना जरा चाचरत म्हणाले, "आज कसं करू या, ताई?"

"आज मीच बसते," रजनी म्हणाली. "आठवडाभर सराव केलाय. बघा तरी."

ती त्यांच्या शेजारी बसली. पडद्यावर आग लागली. लाल बंबवाला पुढे निघाला आणि रजनी बटणं दाबायला लागली, डावं, उजवं, उडी, जमेल तितकं त्याच्याबरोबर. शिडीपाशी तो दोनदा खाली बसला.

"अरे वा! नमस्कार आठवला वाटतं!" सर ओरडले.

"आठवला," रजनी म्हणाली.

तो कठड्यावर थांबला. सर धडपडत येत होते. "थांबा हं ताई, आलो, आलोच!" आज ते तिला हाक मारत होते. रजनीनं मान खाली घातली आणि बटणावरचा अंगठा घट्ट दाबून धरला. एकेक मजला करत दोघे गच्चीवर पोचले. लाल बंबवाला घंटेच्या एक पाऊल अलीकडे उभा राहिला. सरांनी घंटा वाजवली.

मग त्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. इतक्या गुरुवारांत खेळताना पडदा सोडून ते पहिल्यांदाच तिच्याकडे बघत होते.

"आज थांबलात हो माझ्यासाठी," सर म्हणाले.

"हो, थांबले," रजनी म्हणाली, आणि पडद्यावरचा लाल बंबवाला अजून हलत होता म्हणून तिनं घाईघाईनं पुन्हा बटणं दाबायला सुरुवात केली.